डिंकाच्या रेघा

काचेवर एक पक्षी आहे. पंख पसरलेला, पिसन्‌पीस दिसावं इतका स्पष्ट. खरं तर पक्षी नाही, पक्ष्याच्या अंगची पांढरी भुकटी आहे. खाली पायरीवर मुंग्यांची रांग लागली आहे.

*

एक म्हातारी बाई रिकाम्या खोलीतून चालते आहे. उजवा हात छातीसमोर, तळवा पुढे केलेला, जणू समोरच्याला म्हणते आहे, थांब. समोर कुणी नाही.

*

गाडी लावायच्या शेडमध्ये भिंतीला एक जाड काच टेकवून ठेवली आहे. तिच्या कोपऱ्यात नखाएवढा शिक्का आहे. तो वाचायला कुणी वाकलेलं नाही.

*

"माझ्या कपाळाएवढी!" एक मुलगी ओरडते.

*

"घर उघडं असावं," सासूबाई म्हणतात, "पण इतकं? उद्या मला शिंक आली तर रस्त्यावरचा माणूस रुमाल काढून देईल."

*

फोटोत दार उघडं आहे.

*

हे तुकडे एका दोऱ्यात ओवायचे तर आधी तो फोटोच हातात घ्यावा लागेल. सूनबाईला तो एका कपाटाच्या खणात सापडला. सूनबाई म्हणजे जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करणारी बाई. तिचं नाव अर्थातच वेगळं होतं, पण सासूबाई दिवसभर "सूनबाई, सूनबाई" असा गजर लावत, त्यामुळे सुतार, रंगारी, कचरा न्यायला येणारा, सगळ्यांचीच ती सूनबाई होऊन बसली होती. नवऱ्याने तिला आणखी एक नाव ठेवलं होतं: ओरिजिनलबाई. कारण कुठलीही वस्तू हाती लागली की हिचा पहिला प्रश्न, "हे ओरिजिनल कसं होतं?" खुर्चीवर रंगाचे चार थर असले तर ती चारही खरवडून काढी आणि खालचं लाकूड उघडं पडलं की हरवलेलं माणूस सापडल्यासारखी त्याच्याकडे बघत बसे. नंतर चढलेलं ते सगळं मळ, हा तिचा धर्म. धंद्यात तरी तो तिला कधी खोटा पडला नव्हता.

फोटो मासिकातून फाडलेला, खणाच्या तळाला अंथरलेला. काळापांढरा. त्यात नवंकोरं घर. सपाट छप्पर, काडीसारख्या लोखंडी खांबांवर ताट तोललेलं असावं तसं. छपराखाली वीतभर उंचीची काचेची पट्टी, त्यामुळे छप्पर भिंतीवर टेकलेलं नाही, हवेत थांबलं आहे असं वाटावं. बैठकीची एक भिंत अख्खी काचेची, अर्धी कायमची बसवलेली, अर्धी सरकणारी. चकचकीत मोझाइकच्या फरशीवर एक तरुण बाई गुडघे टेकून बसली आहे, दोन्ही हात पसरून, आणि बागेतून एक पाचेक वर्षांचा मुलगा तिच्याकडे धावत येतो आहे. एक पाय हवेत. घर आणि बाग यांच्यामध्ये काही आहे असं वाटतच नाही.

लोक माणसांच्या प्रेमात पडतात. सूनबाई एका भिंतीच्या पडली, तेही नसलेल्या.

पुढे ते घर विकायला निघालं आणि तिने छपरावरून ते ओळखलं, तेव्हा नवरा म्हणाला, "आता तुला कोण थांबवणार!" नवरा दातांचा डॉक्टर. त्याला एवढंच कळत होतं की ही बाई हट्टाला पेटली की भूल देऊनही उपयोग नसतो.

घराने मात्र अंगावर गोधड्याच पांघरून घेतल्या होत्या. काचेच्या आतून सिमेंटच्या कुंड्यांची रांग, गुडघाभर उंच, प्रत्येकीत निवडुंग. कुंड्यांच्या अलीकडे एक अवजड लाकडी बाकडं, असं आडवं टाकलेलं की बागेत जायला कोपऱ्यातून अंग चोरून जावं लागे. छपरापासून फरशीपर्यंत चॉकलेटी पडदे. आणि काचांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तपकिरी चिकटपट्ट्या. एक वर, मोठ्या माणसाच्या छातीशी. एक खाली.

"चांगल्या चेहऱ्यावर मलमपट्टी," सूनबाई म्हणाली.

किल्ल्या द्यायला जुन्या मालकीणबाईंचा मुलगा आला. म्हणजे फोटोतला तोच, हवेत पाय असलेला. आता केस पिकलेले. उंच, देखणा, पण भुवईपासून हनुवटीपर्यंत एक पांढरी रेघ, कागदाला घडी घालून परत उलगडावा तशी. आपण बघतोय हे त्याला दिसलं आहे हे सूनबाईला कळलं, आणि ती ओशाळली.

"लहानपणी पडलो होतो," तो म्हणाला. अशा सुरात की हे वाक्य त्याच्या खिशातच असावं, सुट्टे पैसे असतात तसं.

तो वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला.

"समोरून या ना." घर आपलं होऊन घटका झाली नव्हती, पण सूनबाईच्या अंगात यजमानपण आलं होतं.

"या घरात समोरून कुणी येत नाही."

"आता येतील."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे गोल गोल फिरणाऱ्या मुलीकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात नवऱ्याने कुलपाचं काहीतरी विचारलं आणि ते राहून गेलं.

*

गोल गोल फिरणारी ती भिंगरी. पाच वर्षांची, फार वाट बघायला लावून झालेली, एकुलती. चालणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. अंथरुणातून उठली की धावायची ती परत अंथरुणात पडेपर्यंत. सासूबाई म्हणत, "हिच्या पायाला देव ब्रेक लावायचाच विसरला." आणि तिला ताप आला, ती मुकाट पडून राहिली, की सूनबाईच्या हातातला पॉलिशचा बोळा थांबे आणि घराचा श्वास अडके.

त्या फोटोतल्या मुलाच्या जागी भिंगरी. तशीच धावत येणारी. तसाच पाय हवेत. सूनबाईने घर घेतलं ते यासाठी. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला ते फार लहान होतं, किंवा फार मोठं.

*

काढल्या: कुंड्या.

"निवडुंग! घरात! तेही काचेला लागून!"

"कुणी काचेला चिकटू नये म्हणून लावले असतील," सासूबाई म्हणाल्या. त्या नव्या घरात सकाळी चहाचा कप घेऊन मुकादमासारख्या फिरत.

"काचेला कोण चिकटणार आई? पाली?"

"पाली शहाण्या असतात हो. त्यांना काच कळते."

काढलं: बाकडं.

ते हलवायला चार माणसं लागली आणि चौघांनीही बाकड्याच्या सुताराला शिव्या घातल्या. आत्तापर्यंत भिंगरीला बागेत जायचं तर त्या बाकड्याला वळसा घालावा लागे, आणि वळशात तिचा वेग मोडे. बाकडं गेलं त्या दुपारी ती बागेच्या टोकापासून आतल्या सागवानी भिंतीपर्यंत सरळ रेघ मारल्यासारखी धावली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. सरकतं दार त्या उन्हाळ्यात दिवसभर उघडंच असे.

"मोकळं वाटतंय की नाही?" सूनबाईने विचारलं.

"वाटतंय," नवरा म्हणाला. "फक्त कपडे बदलायचे कुठे ते सांग." कारण तेवढ्यात

काढले: पडदे.

*

पट्ट्या काढायच्या आधी तिने जुन्या मालकीणबाईंना बोलावलं. भिंतींचा मूळ रंग कोणता, लाकडाला तेल होतं की पॉलिश, असं बरंच काही विचारायचं होतं. बाई आल्या. पार वाकलेल्या, पण साडी कडक इस्त्रीची. फोटोतली मान अजून ओळखू येत होती. सूनबाई त्यांना काकू म्हणू लागली.

काकू आल्या त्या स्वयंपाकघरातून. आणि बैठकीत पाऊल टाकताच त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, छातीसमोर, तळवा पुढे. तशाच चालत त्या खुर्चीपर्यंत गेल्या. खुर्ची हाताला लागली तेव्हा हात खाली आला.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. दिसत नसेल नीट.

पण चहात साखर किती पडली ते काकूंना लांबून दिसलं होतं. "दीडच चमचा टाकलास," त्या म्हणाल्या. "मला दोन."

भिंगरीला ते चालणं भारी आवडलं. तिनेही हात पुढे धरला आणि काकूंच्या मागे मागे फिरली. मग नवऱ्याने गंमत म्हणून आपला तळवा पुढे केला. भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आली आणि तिने त्यावर सणसणीत टाळी दिली. झाला खेळ. कुणीही तळवा पुढे केला की हिने सुसाट यायचं आणि टाळी द्यायची. घरात पुढे महिनोन्‌महिने तो चालला. काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

सूनबाईने फोटो आणला. काकूंनी तो हातात घेतला नाही.

"किती गोड दिसताय यात. त्याला काय म्हणत होतात?"

"ये म्हणत होते. दुसरं काय म्हणणार? हाका मारायची फार हौस होती मला." त्यांनी कप बशीत ठेवला. "नंतर मोडली."

"तुमच्या वेळी दार उघडंच असायचं ना असं?"

"फोटोच्या दिवशी उघडं होतं."

बागेतून ऊन आत आलं होतं. काचेवरच्या दोन पट्ट्यांच्या दोन सावल्या फरशीवर पडल्या होत्या. भिंगरी एकीवरून दुसरीवर उड्या मारत होती.

"सगळं काढ तू," काकू म्हणाल्या. "तुझं घर आहे. पट्ट्या तेवढ्या राहू देत."

"का हो काकू?"

काकूंनी भिंगरीकडे पाहिलं. त्यांच्या ओठांनी पुढचा शब्द धरला, आणि मग चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळून टाकला.

"डोळ्यांना सवय असते," त्या म्हणाल्या.

निघताना त्या सरकत्या काचेपाशी थांबल्या. बोटाने टकटक केली. "ही चांगली आहे," म्हणाल्या, जणू स्वतःलाच. "जाड आहे." आणि स्वयंपाकघरातून निघून गेल्या.

सूनबाईचे कान टवकारले. तिने सरकत्या काचेवर टकटक केली: ठप्प. शेजारच्या बसवलेल्या काचेवर केली: बारीक, वाटीसारखा आवाज. मग ती गुडघ्यांवर बसली, डोळे बारीक करून दोन्ही काचांतून बागेकडे पाहिलं. बसवलेल्या जुन्या काचेतून गवत किंचित लाटांमधून दिसत होतं, उन्हात तापलेल्या रस्त्यापलीकडचं दिसतं तसं. सरकत्या काचेतून सरळ आणि जरासं हिरवट.

"अरे!" ती ओरडली. "हे दार ओरिजिनल नाही!"

म्हाताऱ्या बाईने दिलासा द्यायला उच्चारलेला एक शब्द, आणि त्याचं हे झालं.

*

काढल्या: पट्ट्या.

ब्लेड, रॉकेलचा बोळा आणि चिकाटी. तपकिरी पट्टी सुटली की खाली डिंकाची पिवळी रेघ राही, ती घासून काढावी लागे. वरची पट्टी सुटली. खालची सुटली. काम संपलं असं वाटलं तेव्हा ऊन कलतं झालं आणि काचेवर आणखी रेघा उमटल्या. फार जुन्या, नुसत्या तिरक्या उजेडात दिसणाऱ्या. एकावर एक, मध्ये थोडं थोडं अंतर सोडून, खालच्या पट्टीच्या जागेपासून वरच्या पट्टीपर्यंत चढत गेलेल्या. दर वेळी कुणीतरी वरची पट्टी काढून ती आणखी थोडी वर लावली असावी.

"जागा ठरत नव्हती वाटतं बाईंची," सूनबाई म्हणाली.

"मला बघू, मला बघू." भिंगरी काचेला पाठ लावून उभी राहिली आणि सगळ्यात खालच्या रेघेशी डोक्यावर हात ठेवून मापू लागली. मग वळली. "माझ्या कपाळाएवढी!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"सूनबाई, आमच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची लिहायचे. दरवर्षी एक रेघ." त्या काचेकडे बघत राहिल्या. "तसं दिसतंय हे."

"काचेवर कोण उंची लिहितं, आई?"

"तेच म्हणते मी. कोण लिहितं?"

पण सूनबाईचा हात थांबला नव्हता. रॉकेलचा बोळा फिरला आणि सगळ्यात वरची रेघ गेली. मग तिच्याखालची. मग तिच्याखालची. उंच झालेला कुणीतरी वर्षावर्षाने लहान होत गेला, भिंगरीएवढा झाला, आणि मग तोही पुसला गेला.

*

काढली: काच.

या घराच्याच काळातलं एक घर गावाबाहेर पाडत होते. सूनबाई तिथे उन्हात उभी राहिली आणि एक जुनी काच मिळवलीच, हव्या त्या मापाला कापून घेता येईल अशी, लाटांची. काचवाला दार उतरवायला आला तेव्हा हातमोजे घालता घालता म्हणाला, "चांगली काढून जुनी बसवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय, सूनबाई."

"जुनी म्हणजे वाईट नाही."

"मी कुठे म्हटलं? फक्त ही तापवून कडक केलेली, फुटली तर साखर होते, आणि ती जुनी फुटली तर सुऱ्या. एवढाच फरक."

"फोडणार आहे कोण? दगडफेक आहे का इथे?"

"नाही, ते आपलं मी बोलायचं म्हणून बोललो." आणि त्याने शीळ घालत काम सुरू केलं. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाची चूल पेटत नाही.

संध्याकाळी नवरा दवाखान्यातून आला. "घट्ट दात उपटलास," तो म्हणाला, "आणि हलणारा बसवलास."

"हलणारा नाही रे. ओरिजिनल."

"आमच्याकडे ओरिजिनलच किडतात, बाई."

ती हसली. खरंच हसली, कारण तो विनोद चांगला होता आणि भिंत आता नव्हती. दोन्ही काचांतून गवत एकाच लाटेत हलत होतं. लोखंडी चौकट जेमतेम बोटाएवढी. दार उघडं असो की लावलेलं, चौकटीचा मधला दांडा तसाच दिसे. फोटोत दिसे तसा.

जाड काच शेडमध्ये गेली.

*

मग पक्षी यायला लागले.

पहिला आला तेव्हा सगळे जेवत होते. ओला फडका भिंतीवर मारावा तसा आवाज. भिंगरी धावली. पायरीवर काहीतरी करडं पडलं होतं आणि त्याची मान भलत्याच बाजूला बघत होती.

"त्याला दिसलं नाही का?" भिंगरीने विचारलं.

"दिसलं ना. झाडं दिसली, आपण दिसलो. मध्ये काच आहे ते दिसलं नाही."

"मग त्याला कुणी सांगितलं नाही?"

सासूबाईंनी भिंगरीला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि सुनेकडे पाहिलं. ते पाहणं सुनेला लागलं. म्हणून ती जरा रागातच म्हणाली, "चार दिवस जातील. मग पक्ष्यांनाही सवय होईल."

दुसरा आला. मग त्याच्यापुढचे मोजायचं सोडून दिलं. सूनबाई रोज सकाळी ठसे पुसे.

एकदा, फक्त एकदा, ती स्वतः चहाचा ट्रे घेऊन बागेत निघाली होती आणि कपाळ आपटलं. कप फुटले. काच झणझणली, पण टिकली. तिने कपाळ चोळलं, इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळी नवऱ्याने टेंगूळ पाहून विचारलं तेव्हा म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." पट्टी परत लावावी, एखादी, निदान खाली, असं तिच्या मनात आलं होतं. चिकटपट्टीचं रीळ हातातही घेतलं होतं. पण त्याच आठवड्यात घरांच्या मासिकाचा फोटोवाला येणार होता. तेव्हाचं घर आणि आत्ताचं घर, शेजारी शेजारी. तोच कोन, तेच हात, तेच धावणं. फोटो झाला की लावू, तिने ठरवलं. रीळ खणात गेलं.

*

फोटोवाल्याने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "दार उघडं हवं हं. आणि काच दिसताच कामा नये."

"आमची काच आम्हालाच दिसत नाही," नवरा म्हणाला होता.

सकाळी सूनबाईने काचा पुसल्या. आधी पाण्याने, मग कागदाने, मग कोरड्या मलमलने, आतून आणि बाहेरून, अशा की तिला स्वतःचा हातही पलीकडे गेल्यासारखा वाटावा. फोटोवाला आला तो कामाला लागला. सगळ्यांना ताकीद: काचेकडे कुणी जायचं नाही, बोट उमटलं तर पुन्हा पुसावं लागेल, येणं-जाणं स्वयंपाकघरातून. त्याने आत, कोपऱ्यांत, छत्र्या लावलेले दिवे उभे केले. बाहेरचा उजेड आणि आतला उजेड एकसारखा झाला की प्रतिबिंब मरतं, त्याने समजावून सांगितलं. प्रतिबिंब मेलं की काच मेली.

"शुभ बोल रे बाबा," सासूबाई म्हणाल्या आणि भिंगरीचा हात धरून स्वयंपाकघरातून, घराला वळसा घालून, बागेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

काकूंना बोलावलं होतं, त्या उशिरा आल्या. नवरा त्यांना आत घेऊन आला. हात छातीसमोर, तळवा पुढे. सूनबाई फरशीवर गुडघे टेकून, केस फोटोतल्यासारखे बांधून, तयार बसली होती.

काकू थबकल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्यावरून समोर पाहिलं. "पट्ट्या?" त्या म्हणाल्या.

"काढल्या, काकू. बघा, अगदी तुमच्या फोटोसारखं..."

"आणि दाराची काच?"

"ती पण ओरिजिनल बसवली. लाटांची. तुमच्या वेळी होती तशीच."

काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"आजी, जरा मागे, फ्रेममध्ये येताय," फोटोवाला म्हणाला. त्याने शेवटचा दिवा लावला. आणि खरोखरच, भिंत नाहीशी झाली. फरशी जिथे संपते तिथून गवत सुरू होत होतं आणि मध्ये कुठे केसाएवढी फट नव्हती. इतके दिवस खरवडून, घासून, उतरवून, शेवटी तळाचं लाकूड लागलं होतं.

"बोलवा मुलीला," फोटोवाला म्हणाला.

तिने हात पसरले. "भिंगरे! ये गं!"

बागेच्या टोकाला भिंगरी पायाने माती उकरत होती. तिने मान वर केली नाही.

"भिंगरे!"

सासूबाईंनी कानामागे हात धरला. काय म्हणतेस?

"ऐकू जात नाहीये का त्यांना?" फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला. "थांबा, मी खूण करतो."

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं तरी गच्चीवरून जिला ऐकू येई, ती ही मुलगी.

मागून काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "दार?"

सूनबाईचे पसरलेले हात खाली आले. तिने समोर पाहिलं. नुसती बाग. काच कुठे आहे? आहे की नाही? तिने पक्ष्याचा ठसा शोधला; तो पुसला होता. रेघा शोधल्या, त्या रॉकेलने गेल्या होत्या. हिरवट झाक शोधली. ती शेडमध्ये भिंतीला टेकून उभी होती. तिने सकाळ आठवायचा प्रयत्न केला आणि सकाळीही काच इतकी स्वच्छ होती की आरपार दिसत होतं, धरायला काही नव्हतं.

फोटोवाल्याने हात उंच करून जोरात हलवला. सासूबाईंनी मान डोलावली आणि भिंगरीचा हात सोडला.

ती सुटली. सरळ रेघेत. वळसा कुठेच नव्हता.

"थांब!" सूनबाई किंचाळली. "भिंगरे, थांब!" आणि तिचा उजवा हात पुढे आला, छातीसमोर, तळवा पुढे, जसा काकूंचा यायचा, जसा या घरात राहिलेल्या बाईचा यायला हवा.

भिंगरीने तो तळवा पाहिला. तिचा चेहरा उजळला. टाळी द्यायला स्वतःचाही हात पुढे काढून ती आणखी जोरात धावली.

*

सकाळी काचा पुसून झाल्यावर, बागेतली धूळ आत येऊ नये म्हणून, सरकतं दार सूनबाईनेच ओढून लावलं होतं.